खोटा बस्ता

छत्तीस वर्षं मी नांदेडच्या वजिराबादेत, कापडबाजारातल्या एका दुकानात साड्या उघडल्या. विकण्याचं काम मालकाचं. ते गल्ल्यावर बसून होतं. गादीवरचा माणूस साडी उघडतो आणि गिऱ्हाईक गेलं की तिची घडी घालतो. एवढ्या दोन क्रियांवर माझं घर चाललं, मुलगी शिकली आणि दोन्ही गुडघे गेले. आडनाव स्वामी असल्यामुळे काही म्हाताऱ्या भाव करताना जरा बिचकायच्या, तेवढाच काय तो आडनावाचा धंद्याला उपयोग.

पुण्याकडच्या वाचकांना बस्ता समजावून सांगावा लागतो. लग्न ठरलं की नवरीच्या शालूपासून मावळणीच्या, म्हणजे आत्याच्या, लुगड्यापर्यंत आणि आहेराच्या टोप्या-उपरण्यांपर्यंत सगळं कापड एकाच दिवशी, एकाच दुकानातून, दोन्हीकडच्या माणसांनी मिळून घ्यायचं. हिमायतनगर, नायगाव, पार इस्लापूरहून जीप भरून माणसं येतात. सकाळी दहाला गादीवर बसतात, दुपारी दुकानाच्या खर्चाने पुरीभाजी खातात आणि दिवे लागायच्या सुमाराला गठ्ठे बांधून निघतात. मधल्या वेळात दोन्ही घरं एकमेकांना पुरती ओळखतात. बस्त्यात मोडलेली लग्नं मी पाहिली आहेत. कारणं सगळी पदराच्या जरीएवढीच रुंद होती.

मी आधी दाराबाहेरच्या चपला मोजायचो. चाळीसच्या वर असतील तर मांडी घालण्यापूर्वी गुडघ्याला तेल लावून घ्यायचो. मग गादीवर नजर फिरवायची. जो सगळ्यात जास्त बोलतो, जरीचा भाव सुरतेचा म्हणून सांगतो, तो नवऱ्या मुलाचा मामा; तो एक रुपया देत नाही. पैसे देणारा माणूस खांबाला टेकून गप्प बसलेला असतो आणि दर साडीगणिक थोडा खाली घसरत जातो. त्याच्याकडे बघून साडी काढायची, पण दाखवायची मामाला. पहिल्या दहा साड्या विकायच्या नसतात. त्या नाकारायला असतात. माणसाला काहीतरी नाकारल्याखेरीज आपण निवडलं असं वाटत नाही. निवडणुकांचंही तेच असावं.

आहेराची साडी ही तर वेगळीच जात. ती कुणी नेसत नाही. ती या लग्नातून त्या लग्नात जाते. एक मोरपंखी साडी मी विकल्यानंतर तीन वर्षांत दोनदा भेटली; दोन्ही वेळा बाई तिच्यासारखीच दुसरी मागायला आली होती. घडीवरून मी ओळखली, कारण ती माझीच घडी होती. कुणी उलगडून पाहिलीच नव्हती.

या धंद्यातलं सगळ्यात मोठं संकट म्हणजे बस्ता उठणं. सहा तास बसून, तीनशे साड्या उघडायला लावून, पुरीभाजी खाऊन माणसं उठतात आणि म्हणतात, बघून येतो. मग गादीवर कंबरेएवढा ढीग असतो आणि त्याच्यामागे आम्ही. बाकीची गिऱ्हाइकं तो ढीग पाहून दारातून परत जातात. एक उठलेला बस्ता दुकानाचे दोन दिवस खातो. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे आमच्या व्यापारी संघटनेने हेच हत्यार उपसलं.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे, ती सांगायला मला आवडत नाही. आमच्या दुकानात जिन्याखाली एक कप्पा होता. धोतरं, उपरणी, कफनाचं कापड आणि पांढऱ्या साड्या तिथे असत. बौद्धांच्या लग्नात नवरा-नवरी पांढरं नेसतात आणि आमच्या जिल्ह्यात हे गिऱ्हाईक थोडं नाही. पण गादीवर दुसऱ्या कुणाचा बस्ता चालू असताना पांढरी साडी उघडली तर म्हाताऱ्या अपशकुन म्हणून उठतात, म्हणून त्या लोकांना जिन्याजवळ उभ्या-उभ्याच माल दाखवला जाई. शालूला अत्तराचा फाया मिळे, पांढरीला कागदी पिशवी. असलं गिऱ्हाईक आलं की मालक रमणशेठ गल्ल्यावरून म्हणायचे, "वाघमारे, तुमचं बघा."

वाघमारे माझ्यानंतर चार वर्षांनी लागले. हात माझ्यापेक्षा चांगला. त्यांनी झटका दिला की पदर बरोबर वरमाईच्या मांडीवर जाऊन पडे आणि वरमाई नाही म्हणायचं विसरे. गादीवर ते रोज शेकडो शालू उघडत आणि मधेच उठून जिन्याखाली जात. मी वाचनालयाचा जुना सभासद, समतेवरची चार पुस्तकं वाचलेला. भरदुपारी दुकानात ती आठवत नाहीत.

मी निवृत्त झालो त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात नांदेडला ते मोठं दुकान आलं. त्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर जाहिरात होईल आणि संपादकांना तिचे पैसे मिळायचे नाहीत. देशभर शाखा, तीन मजले, सरकता जिना, तळाशी किराणा, मधे भांडी, वर कपडे. काचा बसायच्या आधीच कापडबाजारातल्या व्यापाऱ्यांनी एका मंगल कार्यालयात विरोध सभा घेतली. आमचे रमणशेठ संघटनेचे अध्यक्ष, म्हणून सतरंज्या आम्ही अंथरल्या.

तयार कपड्यांचे व्यापारी बापूराव तासभर बोलले. ईस्ट इंडिया कंपनी त्यांच्या भाषणात सात वेळा आली. आमच्या गादीवरचा बहुतेक माल सुरतेचा आणि त्या कंपनीची वखारही आधी सुरतेलाच होती, हे मी बसल्या जागी मनात ठेवलं. नंतर रमणशेठ भूमिपुत्रांवर बोलले. त्यांचे आजोबा निजामाच्या राज्यात बाहेरून आले, गिरणीचं स्वस्त कापड घेऊन. तेव्हा नांदेडला हातमागावर तलम कापड विणणारी माणसं होती. त्यांनाही विरोध करायचा असेल, पण मंगल कार्यालयं तेव्हा नव्हती.

सभेत ठरलं की लातूरला अभ्यासदौरा काढायचा. त्याच कंपनीचं दुकान लातूरला वर्षभर आधी उघडलं होतं, आणि शिकायचं तर लातूरकडून, हे आमच्याकडे बारावीपासूनच डोक्यात भरवलेलं असतं. दोन गाड्यांतून आम्ही गेलो. लातूरचे व्यापारी आमच्यापेक्षा हुशार आहेत. हे त्यांनीच सांगितलं. त्यांच्या अध्यक्षांनी आम्हाला बंदची हकीकत ऐकवली. "उद्घाटनाच्या दिवशी अख्खा बाजार बंद ठेवला. चहाची टपरीसुद्धा उघडू दिली नाही. बंद शंभर टक्के यशस्वी."

वाघमाऱ्यांनी हळूच विचारलं, "मग त्या दिवशी बाजाराला आलेली माणसं कुठं गेली?"

"कुठं जातील? एकच दुकान उघडं होतं." अध्यक्षांनी समोसा उचलला. "लई गर्दी. पोलीस बोलवावे लागले त्यांना."

परतताना पाच मिनिटं शत्रू बघून घेऊ म्हणून गाड्या त्या दुकानापाशी थांबल्या. दीड तास लागला. अहमदपूर मागे पडल्यावर गाडीत रमणशेठ म्हणाले, "संडास स्वच्छ हाय." आमच्या दुकानात बायका आठ-आठ तास बस्त्याला बसत आणि त्यांच्यासाठी सोय म्हणजे बसस्टँड. तीन पिढ्यांत ते कुणाला सुचलं नव्हतं. सुचायला लातूरला जावं लागलं. आणि सुचूनही, मी निवृत्त झालो तोपर्यंत ते बांधलेलं नव्हतं.

बंदचा विचार बाद झाला. जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन दिलं. त्यांनी ते स्वीकारलं, फोटो झाला. मग एका दुपारी दुकानातच बैठक भरली आणि रमणशेठांनी आपली योजना मांडली.

"निवेदनं-फिवेदनं जाऊ द्या. आपण त्यांच्या छातीवर बस्ता बसवू. तीस माणसं नेऊ. नवरी, वरमाई, मामा, सगळं खऱ्यासारखं. दिवसभर माल उघडायला लावू अन् संध्याकाळी उठू."

"न घेता?" बापूरावांनी विचारलं.

"न घेताच तर. बघून येतो म्हणायचं."

गादीवर बसलेल्या प्रत्येक व्यापाऱ्याच्या अंगावर काटा आला. असला दुष्टपणा शत्रूवरही करावा का, असं दोघा-तिघांच्या चेहऱ्यावर दिसलं. पण ठराव सर्वानुमते झाला. मला बोलणाऱ्या मामाचं काम मिळालं, कारण छत्तीस वर्षं मी त्या मामांच्या समोर बसलो होतो. वरमाई स्वतः शेठाणी. राहिली नवरी.

इथे संघटना अडली. मुली सगळ्यांच्या घरी होत्या. पण खोटी नवरी बसवली की खरीचं लग्न अडतं, असं बापूरावांच्या आईंचं मत होतं आणि एकाएकी सगळ्यांनाच त्या माउलीविषयी आदर वाटू लागला. तेव्हा रमणशेठ वाघमाऱ्यांकडे वळले. "तुमच्या प्रज्ञाचं जमलंय न? तीन आठवड्यांवर आलं लग्न. जमलेल्याला काय अडायचं? अन् तुमच्यात शकुन-अपशकुन मानत बी न्हाईत."

बौद्ध धम्मातल्या विवेकाचा आमच्या संघटनेने केलेला एवढा एकच उपयोग मला ठाऊक आहे.

प्रज्ञा सरकारी दवाखान्यात नर्स. बापाने संकोचत विचारलं तर ती हसली. "म्हणजे दिवसभर नुसतं नाही म्हणायचं? जमेल की पप्पा. स्थळं बघताना सराव झालाय." मग जरा थांबून म्हणाली, "तिथं एसी हाय ना? मग येते."

दुकान उघडल्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही दोन जीप आणि रमणशेठांची गाडी घेऊन निघालो. अठ्ठावीस माणसं. व्यापाऱ्यांच्या बायका, आम्ही पाच-सहा सेल्समन, शेठाणींच्या नात्यातल्या दोन म्हाताऱ्या. रमणशेठ आणि इतर व्यापारी अर्थातच आले नाहीत. सेनापतीने मागे राहायचं असतं. बायका खऱ्या लग्नाला नटाव्यात तशा नटल्या होत्या. काचेच्या दारात पहारेकऱ्याने पिशव्या ठेवून घेऊन बिल्ले दिले. शेठाणींना तो अपमान वाटला. सरकत्या जिन्यावर दोन्ही म्हाताऱ्या पाय ठेवीनात. त्यांना दोघा-दोघांनी धरून वर नेलं तेव्हाच अर्धा तास गेला, आणि मला वाटलं, सुरुवात चांगली झाली.

वर पोचलो आणि योजना तिथेच लंगडी पडली. गादी नव्हती. साड्या हँगरला टांगलेल्या, एकेकीचा पदर बाहेर काढून. जिला बघायची तिने स्वतः बघायची. उघडायला लावायचं कुणाला? हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. लातूरच्या दीड तासात आम्ही बाकी सगळं पाहिलं होतं.

पण शेठाणी कसलेल्या. त्या सरळ फरशीवर बसल्या. त्यांच्यामागे सगळी बसली. निळा सदरा घातलेली एक मुलगी धावत आली. "मावशी, खाली नका बसू. मागून कस्टमर येतात."

"आम्ही बस्त्याला आलोय बाई. बस्ता उभ्यानं होत नसतो. काढ साड्या."

मुलगी नायगावची निघाली. तिने मॅनेजरला बोलावलं. तिशीतला टायवाला, हैदराबादहून आलेला. अठ्ठावीस माणसं फरशीवर पाहून तो आधी घाबरला. बस्ता म्हणजे काय हे त्या मुलीने त्याला समजावलं तेव्हा त्याचा चेहरा उजळला. तो खालच्या मजल्यावर गेला आणि खेळाच्या विभागातून व्यायामाच्या चटया घेऊन आला. त्या हिरव्या-गुलाबी चटयांवर आमचा मोर्चा बसला. पाणी आलं, चहा आला. मी मामा झालो. जरीला नावं ठेवली, रंग जाईल म्हणालो, सुरतेचा भाव सांगितला. पोरींनी पटापट हँगर आणायला सुरुवात केली.

त्यांना साडी उघडता येत नव्हती. दोन्ही हातांत धरून, दोरीवर धुणं घालावं तशा उघडत. आणि घडी? गोळा करून बाजूला ठेवत. कांजीवरमचा गोळा. मी अर्धा तास सहन केलं. मग म्हणालो, "दे इकडं, पोरी," आणि झटका कसा द्यायचा, जरीची बाजू आत ठेवून घडी कशी घालायची, ते दाखवलं. दुसरी पोरगी म्हणाली, "काका, मला बी." दुपारपर्यंत तीन मुली माझ्यासमोर मांडी घालून बसल्या होत्या. ज्या दुकानात मी ढीग पाडायला आलो होतो तिथे मी दीडशे साड्यांच्या घड्या घालून दिल्या. वाघमारे कानाशी येऊन म्हणाले, "स्वामी, काय करून राहिलात?" मी म्हणालो, "बघवत न्हाई हो." त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि दुसरा गठ्ठा स्वतःपुढे ओढला.

तोवर चटया ओस पडू लागल्या होत्या. एकेक बाई "जरा जाऊन येते" म्हणून उठे आणि तासाभराने येई. मी घड्यांत होतो, मी काही पाहिलं नाही. वाघमाऱ्यांना मात्र कुणी ना कुणी हाक मारून घेऊन जात होतं आणि ते सरकत्या जिन्यावरून खाली-वर करत होते.

चारच्या सुमाराला उठायचं ठरलं होतं. नवरीला हाक मारायला मी वळलो तर प्रज्ञा चटईवर नव्हती. मजल्याच्या तोंडाशी, जिन्यावरून वर आल्याबरोबर दिसावं अशा जागी एक पुतळा होता. त्याच्या अंगावर पांढरी साडी, बोटभर निळी किनार, पदरावर बारीक चांदीची बुट्टी. माल मला कळतो. माल चांगला होता. प्रज्ञा त्या पुतळ्यासमोर उभी होती. मग तिने तशीच दुसरी हँगरवरून काढली, खांद्यावर टाकली आणि आरशात पाहिलं. ती उभीच राहिली.

शेठाणी अजून वरमाईच्या भूमिकेत होत्या. त्या ओरडल्या, "अगं पांढरी काय बघतीस? नवरी हायस ना?"

"हाव मावशी," प्रज्ञा आरशातूनच म्हणाली, "नवरीच हाय म्हणून बघून राहिले. आमच्यात हीच नेसतात."

शेठाणींना कोण कुणाची नवरी हे आठवायला जरा वेळ लागला. प्रज्ञाने वाघमाऱ्यांकडे पाहिलं. दिवसभर तिने ठरल्याप्रमाणे साठ-सत्तर साड्यांना नाही म्हटलं होतं. या एका साडीला म्हटलं नाही. वाघमाऱ्यांनीही म्हटलं नाही. तिने आपल्या पगारातून ती साडी घेतली.

मॅनेजरला आनंद झाला. त्याने सगळ्यांना एका सजवलेल्या कमानीखाली उभं करून फोटो काढला. फोटो फुकट होता, त्यामुळे मघाशी हरवलेल्या बायकाही वेळेवर हजर झाल्या.

सोमवारी सकाळी तो फोटो नांदेडच्या प्रत्येक मोबाइलवर होता. वर ठळक अक्षरांत: नांदेडकरांचा पहिला बस्ता आमच्याकडे. मधोमध साडी छातीशी धरलेली प्रज्ञा, बाजूला अध्यक्षांच्या पत्नी हसताना, पुढे मी मांडी घालून, हातात अर्धी घडी. दुसऱ्या रविवारी तिथे तीन खरे बस्ते बसले. मॅनेजरने कायमची गादी घातली, पांढरीशुभ्र, लोडांसकट. मुली तयार होत्याच. मी शिकवल्या होत्या.

बैठक बोलावली गेली. एवढ्या मोठ्या पराभवाला कुणीतरी एक माणूस जबाबदार असावा लागतो, आणि व्यापारी, त्यांच्या बायका आणि मी यांतलं कुणी असणं शक्य नव्हतं. वाघमाऱ्यांना गादीच्या कडेला बसवलं. ते आले तेव्हा त्यांच्या हातात कापडी पिशवी होती. रोज डबा असतो तसली, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

"तुमच्या पोरीनं नाक कापलं," रमणशेठ म्हणाले. "आता एकच उपाय. पंधरा दिवसांत माल परत घेतात ते. पोरीनं जाऊन साडी परत करायची. आपण व्हिडिओ काढू. नांदेडच्या लेकीनं साडी परत केली, असा. साडी परत गेली तर मागचं विसरलो. न्हाई गेली तर एक तारखेपासून येऊ नका."

वाघमाऱ्यांची तीन वर्षं राहिली होती. त्या वयाच्या सेल्समनला नांदेडात दुसरी गादी मिळत नाही.

"आणि पोरीला उघडं ठेवणार न्हाई मी," शेठ म्हणाले. "दुकानातून पांढरी देतो. फुकट. स्वामी, काढा बरं एक चांगली."

मी जिन्याखाली गेलो. कफनाच्या ताग्यामागून एक साडी काढली, त्यातल्या त्यात बरी. गादीवर आणून उघडली. छत्तीस वर्षांत त्या गादीवर पांढरी साडी मी पहिल्यांदा उघडत होतो. बरीच वर्षं तशीच पडून राहिल्यामुळे प्रत्येक घडीवर पिवळी रेघ आली होती. साडीभर चौकोन दिसत होते. वाघमाऱ्यांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"आता काय बघता?" रमणशेठ म्हणाले. "पांढऱ्यात काय बघायचं असतं, वाघमारे? पांढरं ते पांढरं."

वाघमाऱ्यांनी बोट काढून घेतलं. मांडी सावरली. मग गिऱ्हाइकाशी बोलावं तशा मऊ आवाजात म्हणाले, "करतो परत, शेठ. व्हिडिओ बी काढा. पण एकट्या पोरीचा काढला तर लोकं म्हणतील, गरिबाच्या लेकीवर जोर काढला. तुमचीच बदनामी. त्या दिवशी ज्यांनी ज्यांनी घेतलं, ते सगळे रांगेत उभे करू. सगळेच परत करू."

"सगळे कोण?" बापूराव म्हणाले. "आणखी कुणी घेतलं?"

"पिशव्या गाड्यांत मीच ठेवल्या की, बापूराव. तुमच्या घरी दोन चादरी, एक कुकर, अन् नातवाला जीनची पँट." बापूरावांचं दुकान जीनच्या पँटींचं. वाघमारे ओळीने प्रत्येकाकडे वळत गेले. चांगल्या सेल्समनला कुणी काय घेतलं ते वर्षानुवर्षं आठवतं, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. शेवटी ते रमणशेठांकडे वळले. "शेठाणीबाईंचा चहाचा सेट, शेठ. अन् एक साडी. वांगी रंगाची."

रमणशेठांच्या दुकानात त्या दिवशी चार हजारांच्या वर साड्या होत्या.

कुणीतरी पंखा वाढवायला सांगितलं. तो आधीच पाचवर होता. बापूरावांना कुणाचा तरी फोन आल्यासारखं वाटलं, ते बाहेर गेले. थोड्या वेळाने रमणशेठ म्हणाले, "चहा सांगा." इतिवृत्तात पुढे असं लिहिलेलं आहे की आंदोलन यशस्वी केल्याबद्दल सर्व सहभागी भगिनींचं अभिनंदन करण्यात आलं. बाकी विषय स्थगित. ते इतिवृत्त मी लिहिलं. अक्षर चांगलं म्हणून ते काम माझ्याकडेच असे.

त्या बैठकीत मी एक शब्द बोललो नाही. इथे मी राजीनामा दिला असं लिहिता आलं असतं तर लेख बरा झाला असता. मी उरलेले महिने मोजून पुरे केले.

बैठक उठल्यावर वाघमारे मला पायरीवर भेटले. मी म्हणालो, "चांगलं ठरवून आला होतात."

"न्हाई हो स्वामी." त्यांनी ती कापडी पिशवी माझ्यापुढे उघडली. आत निळ्या किनारीची साडी होती, वर बिल टाचलेलं. "शेठ हेच मागणार ठाऊक होतं. परत करायचीच म्हणून सकाळी कपाटातून काढून आणली. पोरगी ड्युटीवर होती. तिला विचारलं बी न्हाई." ते रस्त्याकडे बघत राहिले. "पांढऱ्यात काय बघायचं असतं, एवढं शेठ म्हणाले नसते तर दिली असती. खरंच दिली असती."

आतून कुणीतरी त्यांना हाक मारली. गिऱ्हाईक आलं होतं. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. "तुम्ही आमच्या तरोड्याकडून जाता. घरी नेऊन ठेवा. ती यायच्या आत कपाटात गेली तर बरं."

मी गेलो. उशीर झाला होता. प्रज्ञा नर्सच्या गणवेशातच दारात उभी होती, मागे कपाट उघडं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग पिशवीकडे.

"पप्पांनी दिली?"

"फॉल लावायला आणली होती त्यांनी," मी म्हणालो. "आमच्या दुकानाचा माणूस चांगला लावतो." छत्तीस वर्षं गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा देऊन मी रंग जाणार नाही म्हणून सांगितलं होतं. त्या दिवशी मला तिच्या चपलांकडे बघावं लागलं.

तिने साडी बाहेर काढली. निरीच्या बाजूची किनार दोन बोटांत धरून ती टोकापर्यंत बघत गेली. फॉल कुठेच नव्हता. टाचलेलं बिल तिने सोडवलं, त्याची बारीक घडी करून मुठीत ठेवली, आणि साडी कपाटात वरच्या कप्प्यात लावली.

"चांगला लावलाय, काका," ती म्हणाली. "बसा. चहा ठेवते."